पडदा गेला म्हणे!

मागच्या आठवड्यात माझ्या लॅपटॉपचा पडदा एकाएकी काळवंडला. मुलाने २००७ साली घेतलेला हा जुनाच लॅपटॉप. तुमसरला दाखवला, तर लगेच निकाल मिळाला, "स्क्रीन गेली, गुरुजी. आता नवाच घेऊन टाका."

नातू आंबागडला आला होता. त्याने आधी उजेड कमीजास्त करायची बटणे दाबून पाहिली. मग लॅपटॉप टीव्हीला जोडला. तिथे चित्र लख्ख! शेवटी पडद्यावर तिरकी टॉर्च मारली, तर माझी अक्षरे फिकट दिसली. म्हणजे पडदा शाबूत, मागचा दिवा तेवढा बंद. जुन्या लॅपटॉपमध्ये पडद्यामागे बारीक ट्यूब असते. तिला वीज देणारी इन्व्हर्टरची पट्टी बिघडली होती. ती बदलली, पडदा उजळला. (तिथे शेकडो व्होल्ट असतात, चार्जर आणि बॅटरी काढल्याशिवाय हात घालू नये.) हल्ली ट्यूबऐवजी एलईडी असतात, पण टॉर्चची परीक्षा तीच.

माझे मत एवढेच, की तपासल्यावाचून कशालाही 'गेले' म्हणू नये.

पण हे सांगणारा मी कोण? वर्गातल्या एका पोराला मी वर्षभर 'ढ' म्हणत होतो. त्याला फळाच दिसत नव्हता. चष्मा लागला आणि तो घडाघडा वाचू लागला. त्याची माफी मागायची मात्र राहूनच गेली.