रुळावर मेलेला माणूस : पादचारी की अतिक्रमी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला रकाना म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की कागद फिरायला लागतो. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सोयऱ्याचं, वसुलीचा तगादा होता का, आणि शेवटी शिक्का बसतो : पात्र किंवा अपात्र. पात्र असेल तर एक लाख. ज्याच्या नावावर गुंठाही नाही तो मजूर शेतकरी म्हणून मोजलाच जात नाही. आपल्या वस्त्यांमधले बहुतेक लोक याच दुसऱ्या प्रकारातले. म्हणून आज दुसऱ्या एका रकान्याबद्दल लिहिते आहे. तो अजून दारव्ह्यात पोचलेला नाही, पण येतो आहे.

वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग दारव्हा, दिग्रस, पुसद असा जातो. त्यातला वर्धा ते कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. रेल्वे यायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण दारव्ह्याला आजवर रेल्वे म्हणजे शकुंतला. १९०३ ची, किलिक निक्सन कंपनीची, यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची नॅरोगेज. तिच्या वेगाचे विनोद ऐकतच आपण मोठे झालो. त्या रुळाच्या कडेनं निंदणाला जाणं, सरपण आणणं, पहाटे डबा घेऊन बसणं हे अंगवळणी पडलेलं. ब्रॉडगेजची मालगाडी अशी माया दाखवत नाही. ब्रेक लावल्यावरही ती कितीतरी लांब जाऊन थांबते.

आता रुळावरच्या मृत्यूची नोंद कशी होते ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं आणि मृत्यूच्या कारणांचं वर्गीकरण आहे, आयसीडी. त्याच्या दहाव्या आवृत्तीत पायी माणसाला रेल्वेची धडक बसली तर व्ही-०५. गाडीतला प्रवासी पडला तर व्ही-८१. स्वतःहून गाडीपुढे गेला तर एक्स-८१. कुणी ढकललं तर वाय-०२. हेतू ठरवता आला नाही तर वाय-३१. रूळ तोच, गाडी तीच, शवविच्छेदनाच्या टेबलावरचं शरीरही जवळपास तसंच. पण या पाच वेगळ्या सामाजिक घटना आहेत. दुर्खीमनं १८९७ साली आत्महत्येवरचा ग्रंथ सरकारी नोंदींच्या आधारे लिहिला. पुढच्या समाजशास्त्रज्ञांनी विचारलं, त्या नोंदी कुणी आणि काय समजून केल्या? एम.ए.च्या पेपरात हा प्रश्न पाच मार्कांचा होता. रुळावर तो आठ लाखांचा आहे.

कारण रेल्वे कायदा, १९८९. प्रवासी चालत्या गाडीतून अपघातानं पडला तर कलम १२४-अ खाली वारसांना आठ लाख रुपये. पायी माणूस मेला तर त्याच्यासाठी कलम १४७ आहे : रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. डॉक्टरच्या पुस्तकातला पादचारी रेल्वेच्या पुस्तकात अतिक्रमी होतो. व्ही-०५ लिहिलं म्हणून भरपाई मिळत नाही, हेही स्पष्ट सांगते. ते रेल्वे दावा न्यायाधिकरण पंचनामा आणि पुरावे पाहून ठरवतं. (तिकीट सापडलं नाही एवढ्याच कारणानं प्रवाशाचा दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात म्हटलं आहे. हे घरोघरी माहीत असायला हवं.)

मग कोडचा उपयोग काय? कोण, कुठे, काय करताना मेलं हे कळण्याचा तो मार्ग आहे, आणि तोच बंद पडलेला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग 'गाडीतून पडणे' आणि 'रुळावरील माणसांना धडक' हे एकाच रकान्यात टाकतो. म्हणजे भरपाईचा हक्कदार आणि 'गुन्हेगार' एका बेरजेत. त्याच विभागानं २०२० साली रेल्वे अपघातांत ११,९६८ मृत्यू दाखवले. त्याच वर्षी रुळांवर ८,७३३ माणसं मेली, असं रेल्वे बोर्डानं माहिती अधिकारात सांगितलं. व्याख्या वेगळ्या, म्हणून आकडे वेगळे. दवाखान्यातही तेच. २०२० मध्ये देशातल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारणासह प्रमाणित झालेले फक्त २२.५ टक्के होते. 'डोक्याला मार, रक्तस्राव' एवढंच लिहिलं तर काय फुटलं ते कळतं, कशानं फुटलं ते नाही. खरं तर नमुना ४ मध्ये 'इजा कशी झाली' असा प्रश्न छापलेला असतो.

आयसीडीमध्ये आणखी एक जोड-आकडा आहे, फारसा कुणी न वापरलेला : इजा झाली तेव्हा माणूस काय करत होता? २ म्हणजे रोजीचं काम. ३ म्हणजे घरकामासारखं बिनपगारी काम. ४ म्हणजे विश्रांती, झोप, जेवण आणि देहाच्या इतर गरजा. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातले १६ मजूर, त्यात अनेक आदिवासी, करमाडजवळ रुळावर झोपले असताना मालगाडीखाली गेले. टाळेबंदीनं त्यांची वाट बंद केली होती. रुळावर झोपणाऱ्यांना कोण कसं थांबवणार, असा प्रश्न त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींनी विचारला. सप्टेंबरमध्ये सरकारनं संसदेत सांगितलं की स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंची आकडेवारी नाही. व्ही-०५ आणि पुढे ४ : दोन नोंदींत मावणारं सत्य होतं.

आणि २ हा आकडा? तो गँगमनचा. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हेच मांडलं होतं, की आपल्या माणसाला रेल्वेत गँगमन म्हणून घेतात आणि गँगमन म्हणूनच ठेवतात. त्याच भाषणात त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, ते आपण दरवर्षी आठवतो. गँगमनचा भाग मात्र विसरतो.

लोक म्हणतील, रूळ ओलांडणं बेशिस्तच आहे. असेल. पण २०१२ मध्ये अनिल काकोडकर समितीनं असे मृत्यू वर्षाला सुमारे १५,००० सांगितले आणि त्यांना थेट कत्तल म्हटलं. पंधरा हजार माणसं दरवर्षी एकाच जागी बेशिस्त होतात, तेव्हा जागा तपासायची की माणसं? एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला पाणी, शेत, शाळा, आणि मधे भराव. पूल कुठे बांधला आणि कुठे नाही, हे कुणाच्या वस्तीचं वजन किती यावर ठरतं.

दारव्हा तालुक्यात हे आधी करता येईल. मार्ग ज्या गावांतून जातो तिथल्या ग्रामसभांनी पायवाटा, पाणवठे, स्मशानभूमीच्या वाटा नकाशावर टाकून ठराव घ्यावा आणि रेल्वेकडे भुयारी वाटेची मागणी गाडी धावण्याआधी लेखी द्यावी. जखमी दवाखान्यात दगावला तर कारणाच्या दाखल्याची प्रत घरच्यांनी मागून घ्यावी. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ती देणं संस्थेवर बंधनकारक आहे. त्यात 'इजा कशी झाली' हा रकाना रिकामा असेल तर तिथेच, त्याच दिवशी विचारायचं. पंचनाम्यावर सही करणाऱ्या पंचांनी तो माणूस तिथे कशासाठी गेला होता हे एका वाक्यात तरी लिहून घ्यावं. सरपण आणायला, शेतात, संडासला, कामावर, जे असेल ते.