दोन्ही बाजू एकाच लाकडाच्या

मागच्या मे महिन्यात आमच्या डायनिंग टेबलावर ताटं मांडायला जागाच नव्हती. टेबलाच्या मधोमध एक बोर्ड, त्यावर विमानाचा आराखडा, आराखड्यावर बटरपेपर आणि त्यावर टाचण्यांच्या रांगा. आठवीतल्या लेकीने सुट्टीत विमानाची मॉडेल्स बनवायच्या वर्गाला नाव घातलं होतं. रबराच्या पिळावर उडणारं विमान. बॅटरी नाही, रिमोट नाही. पुढे पंखा, पोटात रबराची लड. बोटाने पंखा फिरवून पीळ भरायचा आणि सोडून द्यायचं.

तुम्ही म्हणाल, खेळणंच की! मलाही तसंच वाटलं होतं. म्हणूनच चूक झाली.

मैत्रिणींनो, या खेळण्याचा इतिहास मोठा आहे. फ्रान्सच्या अल्फोन्स पेनो नावाच्या तरुणाने 1871 साली पॅरिसच्या एका बागेत लोकांसमोर असं रबरावरचं विमान उडवलं. ते 11 सेकंद हवेत राहिलं. त्याच पेनोच्या कल्पनेवरून केलेलं एक रबराचं उडतं खेळणं 1878 मध्ये अमेरिकेत राईट नावाच्या घरात आलं. वडिलांनी मुलांसाठी आणलं होतं. त्यातला एक मुलगा अकरा वर्षांचा, दुसरा सात. पुढे 1903 मध्ये याच दोघांनी माणूस बसलेलं विमान उडवलं, हे आपण शाळेत शिकलो. त्यांच्या आईबद्दल मात्र कुणी सांगितलं नाही. सुसान राईट ही गाड्या बनवणाऱ्या कारागिराची मुलगी. वडिलांच्या कारखान्यात हत्यारं हाताळतच मोठी झाली. घरात लागणाऱ्या छोट्या वस्तू आणि मुलांची खेळणी ती स्वतः बनवायची. मुलांना काही जोडायचं असलं की ती आईकडे जात. 1889 मध्ये ती क्षयाने गेली. मुलांचं विमान बघणं तिच्या नशिबी नव्हतं.

असो. आमच्या टेबलाकडे वळते.

या विमानाचं धड, म्हणजे फ्यूजलाज, बाल्साच्या बारीक चौकोनी काड्यांचं असतं. बाल्सा हे मुख्यतः इक्वेडोरमधून येणारं लाकूड, इतकं हलकं की सागवान त्याच्या साधारण चौपट जड भरतं. लांब चार काड्या, त्यांना जोडणाऱ्या उभ्या-आडव्या लहान काड्या, झाला सांगाडा. दिसायला सोपा. पण तो सरळ करणं हीच खरी परीक्षा.

लेकीचं पहिलं धड तयार झालं आणि ती गप्प झाली. शेपटीकडून बघितलं तर केळ्यासारखं वाकडं! मोठा मुलगा अकरावीत. तो म्हणाला, "अगं, हाताने दाब थोडं, होईल सरळ." मीही म्हटलं, "एवढ्याने काय होतंय? रंग दिला की कळणार पण नाही." तिने दाबलं. एक काडी कट्कन मोडली.

दुसऱ्या दिवशी तिच्या सरांनी ते बघितलं आणि रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "टेबलावरची चूक हवेत दुरुस्त होत नाही." मग त्यांनी तिला समजावलं, तिने घरी येऊन मला. धड वाकडं असलं की विमान एका बाजूला वळतं. ते सावरायला शेपटीचा पंख उलट्या बाजूला वळवावा, तर पीळ भरपूर असताना वेग वेगळा आणि पीळ संपत आल्यावर वेग वेगळा. सुरुवातीला जो इलाज लागू पडतो, तोच नंतर नडतो. शिवाय आत ताणलेलं रबर नाकाला आणि शेपटीला जवळ ओढत असतं. काडी आधीच वाकलेली असेल तर ती आणखी वाकते.

"पण वाकडं झालं कशाने?" मी विचारलं.

"आई, एका बाजूच्या काड्या नव्या फळीतल्या होत्या, दुसऱ्या बाजूच्या दादाच्या जुन्या सामानातल्या. नव्या मऊ होत्या, जुन्या कडक. दोन्ही बाजू शेपटीशी एकत्र आणताना कडक बाजू वाकतच नाही. सगळं वाकणं मऊ बाजूलाच सोसावं लागतं. आणि शेपटी कडक बाजूकडे सरकते."

मी भाजी निवडत होते. हात थांबले.

कारण ते जुनं सामान वापरायला कुणी सांगितलं होतं? आम्हीच. तिने दोन फळ्या मागितल्या होत्या. तिचे बाबा म्हणाले, एक पुरे, दादाचं उरलेलं पडलंय की. मीही मान डोलावली. दादाने दोन वर्षांपूर्वी हाच वर्ग केला, तेव्हा त्याला सगळं नवं आणलं होतं. त्याने अर्धवट सोडलं तरी कुणी बोललं नव्हतं.

आणि दुसरं कारण तिने सांगितलंच नाही, पण मला माहीत होतं. फेव्हिकॉल ओला असताना त्या सांगाड्याला रात्रभर हलवायचं नसतं. मी मात्र जेवणाच्या वेळी टाचण्या काढायला लावून बोर्ड उचलला होता. वर तीनदा हाक मारली होती, "पोळ्या वाढायला ये गं." दादा तेव्हा सोफ्यावर होता. त्याला हाक मारायचं मला सुचलंही नाही.

मला माझं माहेर आठवलं. माझ्या भावानेही एकदा असं विमान केलं होतं. मी शेजारी बसून काड्या धरायचे, पट्टी द्यायचे. एकदा ब्लेड उचललं तर आई ओरडली, "हात कापून घेशील, मुलीच्या हाताला खूण नको." त्याच संध्याकाळी मी विळीवर नारळ खोवत होते. विळी चालत होती, ब्लेड चालत नव्हतं. तेव्हा हे खटकलं नाही. आज खटकतं.

या वेळी मी एक केलं. नवी फळी आणायला लावली आणि टेबल दोन दिवस तिच्या ताब्यात दिलं. आम्ही खाली चटईवर जेवलो. ताटं-पाणी मांडायचं काम दादाकडे. पहिल्या दिवशी त्याने तोंड वाकडं केलं, दुसऱ्या दिवशी मुकाट्याने केलं.

आणि मी तिच्याजवळ बसून बघितलं. चारही लांब काड्या तिने एकाच फळीतून, शेजारी-शेजारी कापल्या. मग प्रत्येक काडीचं एक टोक टेबलाच्या कडेला दाबून दुसऱ्या टोकाला कपड्यांचा चिमटा लावला आणि किती झुकते ते बघितलं. सारख्या झुकणाऱ्या काड्यांची जोडी लावली. धडाच्या दोन्ही बाजू तिने शेजारी-शेजारी न करता एकीवर एक ठेवून केल्या. उभ्या काड्यासुद्धा दोन-दोन एकदम कापल्या. मला हसू आलं. आपण ब्लाउजच्या दोन्ही बाह्या कापडाची घडी घालूनच कापतो ना? एक आधी, दुसरी नंतर कापली की फरक पडतोच. हे विमानशास्त्र मला शिवणकामाने आधीच शिकवलं होतं, फक्त मला ठाऊक नव्हतं.

टाचण्या तिने काडीत न टोचता दोन्ही बाजूंनी टेकवल्या, कारण भोक पडलं की काडी तिथे कमजोर होते. रात्रभर वाळू दिलं. सकाळी पातळ ब्लेडने दोन्ही बाजू वेगळ्या केल्या. मग त्या समोरासमोर उभ्या करून आधी मधला, रुंद भाग जोडला. काटकोनासाठी कंपासपेटीतला गुण्या आणि टेकू म्हणून काडेपेट्या. तो भाग पक्का वाळल्यावरच शेपटी एकत्र आणली, नाक सगळ्यात शेवटी. जिथे वळण जास्त, तिथे काडी बाहेरून थोडी ओली केली म्हणजे ती न मोडता वळते. शेवटी नाकाच्या मध्यापासून शेपटीच्या मध्यापर्यंत दोरा ताणला. प्रत्येक आडव्या काडीच्या बरोबर मध्यावरून तो गेला.

वरून पातळ कागद लावतानाही तोच नियम. पाणी शिंपडलं की कागद आखडतो आणि सांगाड्याला ओढतो. एकच बाजू आधी ओली केली तर सरळ धडही वाकतं. समोरासमोरच्या बाजू एकदमच घ्यायच्या.

मैत्रिणींनो, मला या सदरात मुलामुलींच्या समानतेवर भाषण द्यायचं नाही. भाषणं आपण खूप ऐकली, शाळेच्या कार्यक्रमात टाळ्याही वाजवल्या. मुलीच्या शिक्षणाला आमच्या घरात कुणी कधी नाही म्हटलेलं नाही. तरीही तिच्या वाट्याला उरलेली फळी आली आणि अर्धवट वाळलेला गोंद आला. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, म्हणूनच ते दिसलं नाही. आपल्याकडे सुट्टी लागली की मुलीला मेंदी नाहीतर रांगोळीचा वर्ग, मुलाला रोबोट नाहीतर विमान. रांगोळी वाईट नाही हो, ठिपके मोजायला हातात गणित लागतं. पण मुलीला ब्लेड, पॉलिशपेपर, गुण्याही मिळायला हवा. एनसीसीच्या हवाई शाखेत मुलीही मॉडेल्स बनवतात. 2016 मध्ये आपल्या हवाई दलात पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक दाखल झाल्या. त्या बातमीचं कौतुक आपण केलं. आपल्या घरातलं टेबल किती जणींनी मोकळं केलं?

आणि मुलालाही पोळ्या वाढायला बोलवा. त्याच्यावर उपकार म्हणून नव्हे. घरातलं सगळं वाकणं एकाच बाजूने का सोसायचं?

रविवारी पहाटे, वारा सुटायच्या आत, आम्ही चौघं मैदानावर गेलो. पहिल्या दोन खेपांना विमान नाकावर आपटलं. तिने नाकाशी मातीची छोटी गोळी लावली, काढली, पुन्हा लावली. तिसऱ्या खेपेला ते हातातून सुटलं आणि सरळ वर चढलं, मग मोठं गोल वळण घेत सावकाश उतरलं. दादा मोबाइलवर सेकंद मोजत होता.

"तेवीस!" तो ओरडला.

"म्हणजे पेनोच्या दुप्पट," ती म्हणाली आणि विमान आणायला पळाली.

बोर्ड अजून टेबलावरच आहे. तिला आता यापेक्षा मोठं करायचंय. या वेळी दोन फळ्या आणल्यात, दोन्ही नव्या.