तरुण मुलांच्या मनाचे ओझे



“बाबासाहेबांनी एवढे हाल सोसून शिक्षण घेतले, आणि तुला काय धाड भरली आहे?” हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. हेतू चांगला असतो. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ते कसे लागते, याचा विचार झाला पाहिजे.

बापाचे काम सुटलेले, घरात दारूवरून रोज भांडण, वर्गात आडनावावरून टोमणे. हे महिनोन् महिने चालले की मुलाचे शरीर सतत धास्तीत राहते. झोप उडते, वाचलेले ध्यानात राहत नाही. राग आवरणारा व पुढचा विचार करणारा मेंदूचा भाग तर पंचविशीपर्यंत घडतच असतो. म्हणून मुलगा चिडतो, मुलगी गप्प होते, सारखे पोट दुखते म्हणते. आपण त्याला आळस म्हणतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आजार असतो.

बाबासाहेबांचे बालपण नीट आठवा. आई लवकर गेली, शाळेत विटाळ सोसला, परळच्या चाळीत एका खोलीत दिवस काढले. पण सुभेदार रामजीबाबा त्यांना पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवीत. बागेत वाचत बसणाऱ्या भीमरावांची केळुस्कर गुरुजींनी आपुलकीने चौकशी केली आणि १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. हालांनी माणूस मोठा होतो असे नाही. हाल सोसताना पाठीवर कोणाचा तरी हात लागतो. अभ्यासकही हेच सांगतात की भरवशाचे एक जरी मोठे माणूस असेल, तरी मूल सावरू शकते.

तेव्हा रोज थोडा वेळ मुलाजवळ बसा. उपदेश न करता ऐका. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, झोप-जेवणात बिघाड, शाळेला दांड्या दिसल्या, तर सरकारी रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. त्यात लाज कसली? मरणाची भाषा केली तर धमकी समजू नका, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही. मुलाला एकटे सोडू नका. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलीमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत सल्ला मिळतो.

बाबासाहेबांचे नाव मुलाला धीर देण्यासाठी घ्या, टोचण्यासाठी नको.

जयभीम!