तेरेखोलच्या अलीकडे

भारतीय फुटबॉल संघाचा विषय निघाला की आपल्याकडे तो हसण्यावारी नेला जातो. 2015 साली हा संघ जागतिक क्रमवारीत 173व्या स्थानी घसरला, हे त्या हसण्याचे निमित्त. मात्र याच संघाने 1951 आणि 1962 साली आशियाई सुवर्णपदक मिळवले, 1956च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तो चौथा आला, याचे स्मरण फारसे कोणी करीत नाही.

मेलबर्नच्या संघाची घडण पाहावी. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, कर्णधार समर बॅनर्जी बंगालचे. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा बार्देशातल्या आसगावचे. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. संघ ‘राष्ट्रीय’ खरा. पण त्याला खेळाडू पुरवणारी गावे-शहरे मोजकीच.

आसगाव आम्हां सिंधुदुर्गवासीयांना परके नाही. मासळी, देवस्थाने, सोयरीक यांच्या आड तेरेखोल नदी येत नाही. फुटबॉलच्या आड मात्र येते. पलीकडे 1883 साली शिवोलीत एका आयरिश पाद्र्याने हा खेळ आणला, चर्चपुढच्या मैदानांवर तो रुजला. पुढे भारताचे कर्णधारपद भूषविणारे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर त्याच भूमीतले. अलीकडे, कापणी झालेल्या मळ्यांत, आमची मुले क्रिकेट खेळतात.

परंपरा दोन-चार प्रतिभावंतांवर तगत नाही, असे आम्ही साहित्याच्या वर्गात सांगतो. मग अकरा जणांनाच का हसावे? आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर गोलचे खांबच नाहीत. त्या 173मध्ये आमचाही वाटा आहे.