देशोदेशींचे आचार : कवट्यांचीं घरें आणि शिंपांचीं कडीं

नरकवटीचें नांव निघतांच आपल्या डोळ्यांपुढें कापालिक आणि स्मशान उभें राहतें. तेव्हां आजचें हें टिपण माजघरांत मोठ्यानें वाचूं नये, असें एखाद्या आजीबाईंस वाटल्यास नवल नाहीं. परंतु ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडील सॉलोमन बेटांत कवटी जपत, ती कुलांतील वडिलांची कृपा शेतावर व मासेमारीवर राहावी म्हणून.

या बेटांच्या पश्चिम भागांत, रोव्हियाना व सिम्बो येथें, कुलप्रमुख वारल्यावर कांहीं काळानें त्याची कवटी वेगळी काढीत आणि दगडांच्या राशीवर उतरत्या छपराचें लहानसें लांकडी घर करून त्यांत ठेवीत. प्रसंगीं तेथें शिजविलेलें अन्न अग्नींत घालून पूर्वजांस पोंचवीत. शत्रूंचीं शिरें मात्र निराळीं. तीं नावा ठेवण्याच्या शाळेंत टांगलेलीं असत. हा भेद अनेक गोऱ्या प्रवाशांनीं ध्यानांत घेतला नाहीं.

कवटीजवळ शिंपांचीं कडीं ठेवीत. हीं घडविण्याची रीत मोठ्या चिकाटीची. प्रचंड शिंपल्याच्या जुन्या, दगड बनलेल्या तुकड्यास भोंक पाडावयाचें, त्यांतून वेल ओवावयाची आणि ओल्या वाळूनें घाशीत घाशीत गाभा कापून काढावयाचा! पिंवळ्या छटेच्या कड्यास 'बाकिहा' म्हणत; त्याचें मोल फार. विवाह, भूमि, तंट्याची भरपाई, सर्वत्र हीं कडीं चालत. म्हणजे जें धन जिवंतांच्या व्यवहाराचें, तेंच पितरांच्या सन्निध ठेवावयाचें.

१८९३ सालीं इंग्रजांचा अंमल बसला, १९०२ सालीं रोव्हियानास मेथॉडिस्ट मिशन आलें, आणि हा आचार मावळूं लागला. १९०८ सालीं रिव्हर्स व होकार्ट या विद्वानांनीं सिम्बो येथें राहून त्याची बारकाईनें नोंद केली. हे रिव्हर्स म्हणजे आपल्या निलगिरीवरील तोडा लोकांवर १९०६ सालीं ग्रंथ प्रसिद्ध करणारे तेच. परंतु सर्वच परकी पाहुणे नोंदीवर संतुष्ट राहिले नाहींत. कित्येक कवट्या व कडीं युरोपच्या संग्रहालयांत गेलीं.

आतां तेथील बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत. तरी रानांतील हीं स्थळें निरुपयोगी झालीं असें कोणी समजूं नये. जमीन कोणत्या कुळाची, असा वाद निघाला म्हणजे 'आमच्या वडिलांचें स्थान येथें आहे' हा मोठा पुरावा ठरतो. आणि लांकूडतोडीच्या धंद्यानें रानास किंमत आल्यापासून असे वाद पुष्कळ होतात. यंत्रांखालीं एखादें स्थान उखडलें गेलें, तर त्या कुळाचें जणूं खरेदीखतच नाहींसें होतें.