आधी हिशेब, मग वेदी

रविवारी प्रभुभोजनाला एकाच रांगेत गुडघे टेकणारे दोघे सोमवारी कोर्टात वादी-प्रतिवादी म्हणून उभे राहतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी मंडळ्यांत याचे आता कोणाला नवल वाटत नाही. आम्हाला खरी भीती वाटते ती या नवल न वाटण्याची.

भांडण बहुधा जमिनीचे असते. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात घेतलेल्या जागा आज भर शहरात आल्या आहेत. शाळा, दवाखाना, वसतिगृह, कब्रस्तान यांच्यासाठी राखलेल्या मिशन कंपाउंडचा भाव चौरस फुटात बोलला जाऊ लागला आणि कमिटीच्या निवडणुकीत पॅनेल उभी राहिली. सार्वजनिक न्यासाची जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. 1950 च्या कायद्याचे कलम 36 तसे सांगते. पण आयुक्तांपुढे येतात ते कागद. ज्यांचे पणजोबा त्या मातीत विसावले आहेत, त्यांना व्यवहाराची खबर अनेकदा लागते ती कुंपणाला पत्रे ठोकल्यावर. मग एक गट स्थगिती आणतो, दुसरा अपिलात जातो. वकिलाची फी अर्पणाच्या थैलीतून गेली, तर त्यात धुणीभांडी करणाऱ्या बाईची दहाची नोटही गेलेली असते.

प्रार्थना मात्र उदंड चालू आहेत. उपवास आहेत, संजीवन सभा आहेत, रात्रभराची जागरणे आहेत. देवाजवळ जाण्याची ओढ खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. वाट तेवढी आम्ही सोयीची निवडली. पंधराव्या स्तोत्रात दावीद हेच विचारतो: देवाच्या मंडपात कोणी राहावे? उत्तरात ना गायन आहे, ना यज्ञबली, ना उपवास. शेजाऱ्याची निंदा न करणारा, तोटा सोसूनही शपथ पाळणारा, व्याज न लावणारा, निर्दोषाविरुद्ध लाच न घेणारा, अशी माणसे तिथे येतात. सगळी परीक्षा बाजारातली आणि चावडीवरची.

जक्कयाची गोष्ट संडे स्कूलच्या मुलांना झाडापर्यंत पाठ असते. मोठ्यांनी ती झाडाखाली उतरल्यावर वाचायला हवी. यरीहोचा हा मुख्य जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करीन म्हणतो. या घराला आज तारण लाभले, हे येशूचे उद्गार त्यानंतरचे आहेत. आमच्या साक्षींच्या सभेत काय ऐकू येते? आजार गेला, नोकरी लागली, मुलाचा व्हिसा झाला. ‘भावाचा दाबलेला हिस्सा परत केला’ अशी साक्ष द्यायला किती जण उठतात?

इथे एक गोष्ट वेगळी ठेवतो. रविवारी चर्चमध्ये आणि शाळेच्या दाखल्यावर हिंदू, असा दुहेरी संसार करणाऱ्या गरीब दलित ख्रिस्ती कुटुंबावर आम्ही दगड उचलणार नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्यांना अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर ठेवले. त्यांच्या खोटेपणात त्या कायद्याचाही वाटा आहे. आमचा रोख पोट भरलेल्यांवर आहे.

मराठी ख्रिस्ती माणसाला उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. या फकिरीची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सोसली, हेही विसरू नये. आज आम्ही टिळकांची भजने तल्लीन होऊन गातो आणि त्याच दुपारी विश्वस्तपदासाठी मतांची बेरीज करतो.

पाळकांनी आणि बिशपांनी यावर उपदेश केला म्हणजे भागणार नाही; उपदेश पुष्कळ झाले. दर महिन्याचा जमाखर्च चर्चच्या दारात लागला पाहिजे. आयुक्तांकडे अर्ज जाण्याआधी मंडळीची खुली सभा व्हावी आणि तिथे विक्रीचा करारनामा मोठ्याने वाचला जावा. मालमत्तेच्या खटल्यात ज्यांचे नाव आरोपी म्हणून आहे, त्यांनी निकाल लागेपर्यंत खुर्ची सोडावी. आणि वेदीपाशी आल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, ही डोंगरावरची आज्ञा पाळकाने एखाद्या रविवारी शब्दशः अमलात आणावी. उपासना थांबवावी, दारे उघडावीत आणि लोक परत येईपर्यंत वाट पाहावी.