परगावच्या व्यापाऱ्यास न्याहारी घरी

आपल्या वार्षिक मेळाव्यात सकाळच्या फराळाची जी व्यवस्था अलीकडे होत असते, तिच्यासंबंधी दोन शब्द स्पष्टपणे लिहावेत, असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते. मंडपाच्या एका अंगास मेजांची लांबच लांब रांग लागते. इडली, डोसे, ढोकळे, पुऱ्या, तीन प्रकारचे शिरे आणि नावे न ठाऊक असलेले आणखी दहा-बारा पदार्थ तेथे मांडलेले असतात. फराळ उत्तम असतो, शुद्धतेची काळजी घेतलेली असते, आणि खर्च करणाऱ्या बंधूंच्या उदारपणाविषयी आम्हांस आदरच आहे. तक्रार पदार्थांविषयी नाही. तक्रार अशी की, त्या मेजांपाशी उभ्याउभ्या खाऊन इंदूरचा व्यापारी इंदूरला आणि हैदराबादचा हैदराबादला परत जातो; ज्याच्याशी वर्षभर लाखो रुपयांची देवघेव करावयाची, त्याला आमच्या गावातील एकाही घराचा उंबरठा दिसलेला नसतो.

आमचे मत असे की, परगावचा व्यापारी आपल्या गावी आला असता त्याची सकाळची न्याहारी हॉटेलात किंवा मंडपात न होता आपल्या घरी झाली पाहिजे, आणि तीही एकाच पदार्थाची, म्हणजे पोह्यांची असावी. याकडे कोणी केवळ आदरातिथ्याचा विषय म्हणून पाहू नये. आम्ही याकडे विश्वासाचा आणि वसुलीचा विषय म्हणून पाहतो.

धान्याचा घाऊक धंदा उधारीवर चालतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. माल आज सुटतो, पैसा महिन्या-दीड महिन्याने येतो. मधल्या काळात आपल्या हातात फक्त समोरच्याचे नाव असते. त्या नावाची किंमत आपल्या वाडवडिलांनी कशी ठरविली, याचे एक उदाहरण आमच्या पाहण्यात आहे, ते सांगतो.

गव्हाच्या आंतरराज्य वाहतुकीवरील प्रादेशिक निर्बंध केंद्र सरकारने १९७७ मध्ये उठविले. तोपर्यंत बेळगावच्या व्यापाऱ्यास माळव्याचा गहू स्वतः जाऊन खरेदी करण्याचे कारणच नव्हते. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९७८ च्या चैत्रात, आमचे वडील इंदूरला निघाले. आम्ही तेव्हा नुकतेच मॅट्रिक झालो होतो. बाजार पाहून ठेवावा म्हणून त्यांनी आम्हांस बरोबर घेतले. बेळगाव ते मिरज तेव्हा मीटरगेज होते आणि खांडव्यापासून इंदूरपर्यंतही मीटरगेजच. मिरज, पुणे, मनमाड, खांडवा अशी चार ठिकाणी बोजा उतरवीत आणि चढवीत आम्ही गेलो. वडिलांना रात्रिभोजन वर्ज्य. खांडव्याच्या फलाटावर दिवस मावळण्यापूर्वी शिदोरीतले चणे आणि गूळ खाऊन पाणी प्यालो, तेवढेच. नर्मदेचा पूल आणि पाताळपाणीचा घाट अंधारातच मागे पडला. पाताळपाणीच्या धबधब्याविषयी वाटेत एका सहप्रवाशाने फार वर्णन केले होते, परंतु आम्हांस दिसला तो खिडकीतला काळोख.

इंदूरच्या छावणी भागातील धान्यबाजारात ज्या अडत्याकडे जावयाचे होते, त्याच्याशी तोवर वडिलांचा परिचय पत्रांनी आणि एकदोन ट्रंककॉलनी झालेला. तो गृहस्थ स्वतः स्टेशनवर आला होता. आम्हांस वाटले, धर्मशाळेत उतरवील. त्याने टांगा सरळ आपल्या घरी नेला. स्नाने झाली. त्या घरात नवकारशी पाळीत असत, म्हणजे सूर्योदयानंतर दोन घटका, अठ्ठेचाळीस मिनिटे, होईपर्यंत तोंडात काही घालावयाचे नाही. त्यामुळे यजमान आणि पाहुणे तितका वेळ ओसरीवर समोरासमोर बसले. भावाचे बोलणे त्याने काढले नाही, वडिलांनीही काढले नाही. घरातले कोण कोठे शिकतात, कोण आजारी आहे, यंदा विहिरीला पाणी किती राहिले, एवढेच बोलणे झाले.

मग पोहे आले. इंदूरचे पोहे आम्ही प्रथमच पाहिले. आमच्याकडे पोहे फोडणीत परततात. त्या घरी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर दुसरे पातेले ठेवून त्यात ते वाफेवरच ठेवलेले होते, म्हणून शेवटच्या माणसाच्या ताटातही दाणा मऊ आणि गरम. फोडणीत मोहरीबरोबर बडीशेप. वर बारीक शेव आणि जिरावण नावाचा तेथील मसाला. त्या दिवशी चतुर्दशी होती. तिथीस हिरवे खावयाचे नाही, म्हणून मिरची, कोथिंबीर आणि लिंबू यांपैकी काहीच नव्हते. तिखटपणास सुकी लाल मिरची आणि आंबटपणास आमचूर वापरलेला होता. तीन दिवसांच्या प्रवासानंतर आणि तेरा तासांच्या लंघनानंतर ते पोहे कसे लागले असतील याची कल्पना वाचकांनी करावी. (पोह्यांबरोबर जिलबी खाण्याची तेथे रीत आहे. इंदूरच्या बंधूंनी राग मानू नये, परंतु ती जोडी आम्हांस आजतागायत पटलेली नाही.)

आमच्या वडिलांचे लक्ष मात्र चवीकडे नव्हते, हे त्यांनी परतीच्या गाडीत आम्हांस सांगितले. पहिले ताट पेढीच्या मुनिमास गेले आणि दुसरे दारात बसलेल्या हमालास, ते याच पातेल्यातून. ही गोष्ट त्यांनी टिपली होती. घरातील मुले बापासमोर मोकळेपणाने बोलत होती, हेही टिपले होते. आणि मुख्य गोष्ट अशी की, पोहे खाता खाता तो गृहस्थ म्हणाला, “शेठजी, नव्या गव्हात अजून ओल आहे. आज भरलात तर तुमच्या वखारीत तापेल. आठ दिवस थांबा, तोवर भाव चढला तरी चढू द्या.” आम्ही त्या दिवशी पाचशे पोती भरली असती तर त्याची अडत त्याला त्याच संध्याकाळी मिळणार होती. ती त्याने आपल्या हाताने आठ दिवस पुढे ढकलली. पुढे बावीस वर्षे त्या पेढीशी आमचा व्यवहार चालला. वांधे तीनदा आले, तिन्ही वेळा पत्रावर मिटले.

मराठी समाजात मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमास कांदेपोहे हेच नाव पडून गेले आहे. आपण कांदा वर्ज्य मानतो, म्हणून आपल्यात तो कार्यक्रम नुसत्या पोह्यांवर भागतो, एवढाच काय तो फरक. त्या दिवशी पोहे चाखण्यास कोणीच जात नाही, हे सर्वांना ठाऊक असते. माणसे घर पाहावयास जातात. वडीलधाऱ्यांशी कसे बोलतात, पाणी कोण आणून देते, दाराशी आलेल्यास काय उत्तर मिळते, हे पाहतात. सोयरीक करताना ज्या गोष्टी आपण इतक्या बारकाईने पाहतो, त्या पंचवीस लाखांचा माल उधारीवर देताना पाहू नयेत, हा हिशेब आमच्या ध्यानात येत नाही.

यावर तरुण मंडळी म्हणतील की, आता जीएसटीचा क्रमांक तपासता येतो, विवरणपत्रे भरली आहेत की नाहीत तेही दिसते, वानगीचे छायाचित्र दूरध्वनीवर येते, मग पोह्यांची गरज काय? आमच्या परिचयातील एका तरुण व्यापाऱ्याने या सर्व गोष्टी तपासून परराज्यातील एका खरेदीदारास हरभरा पाठविला. क्रमांक खरा होता, विवरणपत्रे भरलेली होती. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे आठ दिवसांत आले, पुढच्या चार गाड्यांचे आलेच नाहीत. तो शोध करीत गेला तेव्हा त्या पत्त्यावर भाड्याची एक खोली आणि तिला कुलूप होते. शेजाऱ्यांस नावही ठाऊक नव्हते. सरकारी नोंद ही नोंदीपुरती खरी असते. तो माणूस कोणाच्या घरचा, त्याचे म्हातारे आईबाप कोठे राहतात, गाव त्याला कोणत्या नावाने ओळखते, हे तीत लिहिलेले नसते. पोहे खाऊ घालणारे सगळेच सचोटीचे निघतील असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्याचे घर आपण पाहिले आहे आणि ज्याने आपले पाहिले आहे, त्याला एका रात्रीत नाहीसे होणे अवघड जाते.

पोहेच का, याचे उत्तर आम्ही धंद्याच्या नात्याने देऊ शकतो. साळ गरम पाण्यात भिजवून, निथळून, तापलेल्या वाळूत भाजतात आणि गरम असतानाच चेपतात. पूर्वी हे काम उखळात मुसळाने होई, आता गिरणीत होते. घरी येतात तेव्हा पोह्यांना एकदा अग्नी लागून गेलेला असतो, म्हणूनच नुसत्या पाण्याने ते मऊ पडतात आणि पाव तासात न्याहारी तयार होते. कोरडे असताना महिनोन्महिने टिकतात, पाहुणा न सांगता आला तरी अडत नाही. गोव्यात नरकचतुर्दशीच्या सकाळी घरोघर पोह्यांचे निरनिराळे प्रकार होतात. वडोदऱ्यास पौंआ म्हणतात, कानडी घरांत अवलक्की, हैदराबादेकडे अटुकुलु. आपले बंधू जेथे जेथे आहेत, तेथे हा जिन्नस घरचाच आहे. आणि सुदाम्याच्या पोह्यांची गोष्ट ठाऊक असलेल्या देशात पोहे वाढल्याने कोणाचा मान कमी होत नाही. सोळा पदार्थ केले तर यजमान स्वयंपाकघरात आणि पाहुणा एकटा बसून राहतो, मग घरी नेऊन उपयोग काय?

एक आक्षेप मात्र रास्त आहे. आजच्या सुना पेढीवर बसतात, शाळांत शिकवितात, कारखान्यांचे हिशेब पाहतात. पहाटे पाहुण्याचा भार त्यांच्यावर टाकून पुरुषांनी ओसरीवर गप्पा माराव्यात, असे आम्ही सुचवीत नाही. ज्याचा व्यवहार, त्याने पोहे करावेत. आमच्या घरी रविवारचे पोहे आम्हीच करतो. प्रथम सूनबाईंनी नाक मुरडले होते, आता त्या मीठ-साखर तेवढी तपासून जातात. सहा माणसांस अर्धा किलो जाडे पोहे पुरतात. चाळणीत घालून गाळलेल्या पाण्याने दोनदा धुवावेत, दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवावेत, मीठ, साखर आणि हळद त्यांनाच लावावी, मग फोडणीत घालून झाकण ठेवावे. पातळ पोहे आणू नयेत, त्यांचा लगदा होतो. ते चिवड्यास बरे.

कार्यकारी मंडळास आमची सूचना अशी की, पुढच्या मेळाव्यात दुपारचे भोजन मंडपात ठेवावे, परंतु सकाळच्या न्याहारीस परगावच्या प्रतिनिधींची दोन-दोन, तीन-तीन अशी वाटणी गावातील सभासदांच्या घरी करावी. शक्य तेथे गव्हाच्या व्यापाऱ्याकडे गव्हाचा आणि कडधान्यवाल्याकडे कडधान्याचा पाहुणा द्यावा. यादी आदल्या दिवशी कार्यालयाच्या फळ्यावर लावावी. रविवार पेठेजवळच्या आमच्या घरी तिघांची सोय होईल. ज्यांची तिथी असेल त्यांनी तेवढे आधी कळवावे, म्हणजे लिंबाऐवजी आमचूर काढून ठेवता येईल.